अ‍ॅम्बॅसॅडरचा डेल्को घरी बदलताना

पेट्रोलवर चालणारी जुनी अ‍ॅम्बॅसॅडर ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांची एक अडचण दिवसेंदिवस वाढते आहे. सुटे भाग शोधले तर मिळतात, पण ते बसवणारी माणसे मिळत नाहीत. आज गॅरेजमध्ये कामाला लागलेला विशीतला मुलगा गाडीला स्कॅनर जोडून बिघाड वाचतो. त्यात तो तरबेज असतो, पण सीबी पॉइंट त्याने कधी हाताळलेला नसतो. ज्यांनी हयात पॉइंट घासण्यात आणि टायमिंग लावण्यात घालवली, ते मिस्त्री आता थकले. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीत डेल्को, बदलायचा म्हटले की मालकाच्या पोटात गोळा येतो.

खरे तर हे काम घरच्या अंगणात होण्यासारखे आहे. दोन-तीन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज, १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि सुट्टीची एक सकाळ एवढ्यावर ते निभावते. नट-बोल्टांचे काम फारच थोडे. जपायचा असतो तो एक कोन: पिस्टन कुठे आहे आणि त्याच क्षणी डेल्कोतला रोटर कोणत्या दिशेला तोंड करून आहे, यांच्यातले नाते. ते एकदा नीट समजले की भीती उरत नाही. म्हणून पान्याला हात घालण्याआधी डेल्को करतो काय, ते पाहू.

मी इथे अ‍ॅम्बॅसॅडरच धरून चाललो आहे, त्यालाही कारण आहे. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा इथल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ पासून ही गाडी बनू लागली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ चा तो भारतीय अवतार. २०१४ मध्ये उत्पादन थांबले. तिच्यातले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ घराण्यातले. एमजीबी या गाजलेल्या स्पोर्ट्‌स कारमध्ये याच घराण्यातले १७९८ सीसीचे इंजिन होते. एमजीबी जगभर हौसेने जपली जाते, त्यामुळे या इंजिनाचे ज्ञान आणि बरेचसे भाग अजून जिवंत आहेत. डेल्को लुकासच्या धाटणीचा. आपल्याकडे तो चेन्नईच्या लुकास-टीव्हीएसने बनवला. डिझेल अ‍ॅम्बॅसॅडरला ठिणगीच लागत नाही, तेव्हा तिच्या मालकांना या लेखाचा उपयोग नाही. नंतरच्या काळात आलेल्या १८०० सीसीच्या इसुझू इंजिनाची मांडणीही निराळी आहे.

आता डेल्कोचे काम. बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला काही हजार व्होल्ट लागतात, आणि अडचणीच्या वेळी कॉइल वीस हजारांच्या घरात जाऊ शकते. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची आणि दुसरी बारीक तारेची हजारो वेढ्यांची. पहिल्या गुंडाळीतून करंट वाहत असताना चुंबकीय क्षेत्र तयार होते. तो करंट एकाएकी तोडला की क्षेत्र कोसळते, आणि त्या धक्क्याने दुसऱ्या गुंडाळीत प्रचंड व्होल्टेज उभे राहते. करंट तोडण्याचे काम सीबी पॉइंट करतो. डेल्कोच्या शाफ्टवर चार उंचवटे असलेला कॅम असतो. प्रत्येक उंचवटा पॉइंटच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतो, ठिणगी पडते. ती कोणत्या सिलिंडरला द्यायची, हे वरचा रोटर ठरवतो. कॉइलकडून आलेली जाड वायर कॅपच्या मधोमध येते, तिथून कार्बनच्या एका छोट्या कांडीवाटे करंट रोटरच्या पितळी पट्टीवर उतरतो आणि पट्टीच्या टोकासमोर त्या वेळी ज्या प्लगची वायर असेल तिकडे जातो. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर हा लहानसा डबा दुर्लक्षितच राहतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून टोके जळू नयेत आणि करंट झटक्यात तुटावा, हे तो पाहतो. कंडेन्सर गेला की पॉइंट काळे पडतात आणि प्लगची ठिणगी पिवळट, अशक्त होते.

हे सगळे किती वेगाने चालते पाहा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँकच्या दर फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. डेल्कोचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते. दोन ठिणग्यांत अंतर १० मिलिसेकंदांचे. त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेला असतो, आणि तेवढ्यात कॉइल पुन्हा भरावी लागते. पॉइंटचा गॅप गरजेपेक्षा मोठा ठेवला तर मिटलेला वेळ कमी पडतो, आणि गाडी हळू चालवताना ठीक वाटली तरी हायवेवर मिसिंग मारू लागते.

डेल्कोच्या पोटात आणखी एक यंत्रणा आहे आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात सुंदर भाग तोच. ठिणगी पडल्याबरोबर पेट्रोल-हवेचे मिश्रण सगळेच्या सगळे पेटत नाही. ज्वाळा पसरायला वेळ लागतो. तो सुमारे २ मिलिसेकंद धरू. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून खाली वळतो, त्यानंतर लगेचच दाब सर्वांत जास्त असला पाहिजे. झोपाळा मागे जाऊन परत फिरतो तेव्हाच धक्का द्यावा, तसा. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. पण किती आधी? इंजिन ८०० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल तेव्हा एका मिलिसेकंदात क्रँक ५ अंशांहूनही कमी फिरतो. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात तो १८ अंश फिरतो. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी जास्त अंश आधी पडायला हवी. हे काम डेल्कोच्या तळाशी बसवलेली दोन छोटी वजने करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंग ताणतात आणि वरचा कॅम शाफ्टच्या पुढे थोडा फिरवतात. डेल्कोच्या बाजूला बशीसारखा एक डबा असतो आणि त्यातून निघालेली बारीक नळी कार्बोरेटरला जाते. ती व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची. अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच दाबून गाडी सरळ रस्त्यावर निवांत चालली असेल तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते आणि ते सावकाश जळते. अशा वेळी हा डबा पॉइंट ज्यावर बसवलेला असतो ती बेसप्लेट ओढून ठिणगी आणखी थोडी आधी पाडतो. पेट्रोलची बचत इथे होते. संगणक नाही, सेन्सर नाही. वजने, स्प्रिंग आणि रबरी पडदा यांच्या जोरावर इंजिनाच्या मागणीप्रमाणे हिशेब चालू असतो.

डेल्को खराब होतो तो बहुतेक वेळा या हलत्या भागांमुळेच. पण दोष नक्की कुठे आहे, ते आधी तपासलेच पाहिजे. गाडी मिसिंग मारते म्हटल्यावर पूर्ण डेल्को बदलायला निघणारे लोक असतात, आणि नवा डेल्को बसवल्यावरही मिसिंग तसेच राहते. कारण दोष प्लगच्या वायरीत किंवा कॉइलमध्ये असतो.

पावसाळ्यातला घोटाळा तर वेगळाच. कोकणात किंवा घाटावर दमट हवेत रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ मारून दमते आणि चालू होत नाही. अशा वेळी कॅप उघडून आतून बघा. ओल असेल तर कोरड्या कापडाने पुसली तरी पुष्कळदा गाडी लगेच उठते. पण कॅपच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या काळ्या, बारीक, फांद्या फुटलेल्या रेषा दिसल्या, तर पुसून उपयोग नाही. उच्च दाबाच्या करंटने बेकेलाइट जाळून स्वतःसाठी वाट केलेली असते. कॅप बदलायचीच. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर फुटक्या वायरींवरून निळसर ठिणग्या नाचताना उघड्या डोळ्यांना दिसतात. हात मात्र लावू नये. तो झटका साधा नसतो. ज्यांना हृदयाचा पेसमेकर बसवला आहे, त्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ जाऊच नये.

कॅप, रोटर, वायरी, कंडेन्सर हे सगळे धड असेल, तर रोटर काढून शाफ्टचे टोक चिमटीत धरा, थोडे फिरवा आणि आडवे हलवून बघा. शाफ्ट आपल्या अक्षाभोवती थोडा फिरून स्प्रिंगने परत आला तर ती अ‍ॅडव्हान्सची वजने जिवंत असल्याची खूण, ते चांगले. पण आडवा खडखडला तर त्याला आधार देणारा आतला बुश गेला. याचा परिणाम समजून घ्या. या लुकास डेल्कोत पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. शाफ्ट दोन्ही बाजूंना एक दशांश मिलिमीटर डुलत असेल तर एका उंचवट्यावर गॅप वाढतो, दुसऱ्यावर घटतो. गॅप मोठा म्हणजे पॉइंट लवकर उघडतो, लहान म्हणजे उशिरा. चार सिलिंडरना चार वेगवेगळी टायमिंग मिळतात, आणि तुम्ही कितीही मेहनतीने गॅप लावला तरी इंजिन एका सुरात चालत नाही. हा रोग सेटिंगने बरा होत नाही.

दुसरी तपासणी व्हॅक्यूमच्या डब्याची. कार्बोरेटरकडचे नळीचे टोक काढा आणि तोंडाने हवा ओढा. बेसप्लेट हलली आणि जिभेने टोक बंद केल्यावर ओढ टिकून राहिली, तर पडदा ठीक. हवा नुसतीच येत राहिली तर पडदा फाटला आहे. बेसप्लेटवरची बारीक विणीव अर्थिंगची वायरही बघा. बेसप्लेट मागेपुढे सरकते तशी ती वर्षानुवर्षे वाकत राहते आणि आतून तुटते. बाहेरून धड दिसणारी ही वायर गाडीला रस्त्यात कुठेही बंद पाडू शकते.

बुश गेला असेल तर दोन रस्ते असतात. चांगला टर्नर ओळखीचा असेल तर जुन्या बॉडीत कांस्याचा नवा बुश बसवून घेता येतो, आणि मूळ डेल्को ठेवण्याच्या दृष्टीने मला हाच मार्ग जास्त आवडतो. नाही तर दुसरा डेल्को आणायचा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुन्या गाड्यांचे भाग विकणारी दुकाने आहेत. जाताना जुना डेल्को हातात घेऊन जा. बॉडीवर ठोकलेला नंबर जुळवा, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन डेल्को आतल्या वजनांच्या आणि स्प्रिंगच्या हिशेबात वेगळे असू शकतात. तो हिशेब इंजिनागणिक बदलतो. शाफ्टच्या खालच्या टोकाला असलेली ड्राइव्हची जीभ, क्लँपची मापे आणि कॅपचा प्रकार हेही ताडून पाहा. दुकानातच शाफ्ट आडवा हलवून बघायला लाजू नका. ‘नवा’ म्हणून पुड्यात मिळालेला मालही डुलतो.

आता प्रत्यक्ष काम. अ‍ॅम्बॅसॅडरच्या या इंजिनात डेल्को उजव्या अंगाला, प्लगच्या बाजूला असतो. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. बॅटरीचे अर्थचे टर्मिनल काढा. कॅपवरच्या वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. रेडिएटरकडचा सिलिंडर १ नंबरचा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे कॅपवर वायरी त्याच क्रमाने, त्याच दिशेने येतात. एवढे लक्षात असले की फोटो हरवला तरी काही अडत नाही.

यानंतर इंजिन १ नंबरच्या कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी, टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला असेल तिथे आणायचे. १ नंबरचा प्लग काढा आणि भोकावर अंगठा दाबून ठेवा. दुसऱ्या माणसाला हँडलने किंवा पुलीच्या नटावर पाना घालून इंजिन सावकाश पुढच्या दिशेने फिरवायला सांगा. अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला की कॉम्प्रेशन चालू झाले. आता पुलीकडे बघा. पुलीच्या कडेला एक खाच असते आणि टायमिंग कव्हरवर दातांसारखी टोके असतात. सर्वांत लांब टोक टीडीसीचे, इतर ५ आणि १० अंशांची. काही इंजिनांत ही टोके खालच्या बाजूला असतात आणि टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे व्हावे लागते. खाच तेलकट मळाने बुजलेली असते. रॉकेलच्या बोळ्याने पुसून तिच्यात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका भरा. पुढे स्ट्रोब लाइट लावताना हाच ठिपका कामी येतो. अंगठ्याची चाचणी टाळू नका, कारण खाच टीडीसीला दर फेऱ्यात येते आणि दोनपैकी एका वेळी १ नंबर कॉम्प्रेशनवर नसतो. तेव्हा रोटर ४ नंबरकडे तोंड करून असतो. त्यावरून वायरी लावल्या तर गाडी कार्बोरेटरमधून नाही तर सायलेन्सरमधून फटाके वाजवते, पण चालू होत नाही.

खाच टीडीसीला, अंगठ्याला दाब आणि रोटर १ नंबरच्या वायरीकडे, असे तिन्ही जुळले की डेल्कोच्या बॉडीवर रोटरच्या टोकाखाली खडूने किंवा मार्करने रेघ ओढा. दुसरी रेघ बॉडी आणि इंजिन ब्लॉक यांना मिळून ओढा. यापुढे डेल्को परत बसेपर्यंत इंजिन जरासुद्धा फिरता कामा नये. गाडी गिअरमध्ये घालून ढकलायची नाही, सेल्फला तर हातही लावायचा नाही.

व्हॅक्यूमची नळी आणि कॉइलकडून येणारी बारीक वायर काढा. डेल्कोच्या मानेभोवती क्लँपची पट्टी असते आणि ती दोन बोल्टने ब्लॉकवर धरलेली असते. फक्त हे दोन बोल्ट काढा. त्याच्या खालच्या हाउसिंगच्या स्क्रूला हात लावू नका. आतला ड्राइव्ह शाफ्ट त्याच्या आधाराने जागेवर असतो, आणि तो हलला तर काम वाढते. डेल्को हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा. वर्षानुवर्षे न काढलेला डेल्को हट्टीपणे चिकटून बसतो. गंज सोडवणारे तेल मुळाशी मारून अर्धा तास थांबा, पण हातोडीने ठोकू नका. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तडकते. तो बाहेर आला की भोकात लगेच स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबा. तिथून आत पडलेला वॉशर थेट इंजिनाच्या पोटात जातो.

काढलेल्या डेल्कोच्या टोकाशी ड्राइव्हची जीभ पाहा. ती मधोमध नसून थोडी एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे डेल्को ड्राइव्हमध्ये एकाच स्थितीत बसतो, उलटा बसूच शकत नाही. या इंजिनाची रचना करणाऱ्यांचे उपकारच म्हटले पाहिजेत. मारुती ८०० च्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलमध्ये ही सोय नाही. तिथे डेल्को सिलिंडर हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवरच्या तिरक्या दात्यांच्या गिअरवर चालतो. बाहेर ओढताना रोटर थोडा फिरतो आणि परत घालताना एक दाता चुकला की टायमिंग बॉडी फिरवून लागण्याच्या पलीकडे जाते. तिथे रोटरच्या दोन खुणा कराव्या लागतात, एक डेल्को बसलेला असतानाची आणि एक पूर्ण बाहेर आल्यावरची. तीन सिलिंडर असल्यामुळे तिची फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे.

नवा डेल्को बसवण्याआधी टेबलावरच त्याची तयारी करा. नव्या पॉइंटच्या टोकांवर गंज न लागण्यासाठी तेलकट थर दिलेला असतो. तो पेट्रोलमध्ये बुडवलेल्या स्वच्छ कापडाने पुसा, नाही तर गाडी पहिल्या दिवशीच दगा देते. टाच कॅमच्या उंचवट्यावर आणून फीलर गेजने ०.३८ चा गॅप लावा. पाते फटीतून जाताना हलकासा अडथळा जाणवला पाहिजे. अडकले तर गॅप कमी, सैल फिरले तर जास्त. कॅमला बोटाच्या टोकावर येईल एवढेच ग्रीस आणि रोटरखालच्या शाफ्टच्या तोंडात तेलाचा एक-दोन थेंब. जास्त ग्रीस पॉइंटवर उडते. व्हॅक्यूमच्या डब्यावर दाते पाडलेला छोटा नट असेल, तर तो मधोमध आणून ठेवा. गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम बदलायचा नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलते.

बोळा काढा, भोकाची कड पुसा, डेल्को आत सोडा आणि बॉडी खुणेवर धरून रोटर हाताने हळू फिरवा. जीभ खाचेत सापडली की डेल्को शेवटचे काही मिलिमीटर खाली उतरतो. हा उतरल्याचा भास बोटांना स्पष्ट कळतो. तो आला नसेल तर बोल्ट आवळून डेल्को खाली बसवायचा प्रयत्न करू नका. जीभ किंवा मान मोडते. खाली बसल्यावर रोटर खुणेकडेच पाहतो का, ते तपासा. जुन्या रेघेत आणि नव्या डेल्कोत दोन-चार अंशांचा फरक चालतो, तो पुढे निघतो. पण रोटर थेट विरुद्ध दिशेला गेला असेल, तर कोणी तरी दुरुस्त करताना ती जीभ शाफ्टवर उलटी ठोकली आहे. अशा वेळी डेल्को परत करणे उत्तम.

आता टायमिंग. ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पडावी, तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. हँडलने इंजिन जवळजवळ दोन फेरे पुढे न्या आणि खाच त्या अंशाच्या टोकावर आणून थांबवा. उलटे फिरवून आणू नका, कारण चेनमधला ढिलेपणा चुकीचे माप देतो. बल्बची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला अर्थ. बॅटरी जोडून इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेला असेपर्यंत बल्ब विझलेला, पॉइंट उघडला की पेटतो. क्लँपचा बोल्ट बॉडी हाताने फिरेल इतपत ढिला ठेवून, आधी बॉडी रोटरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेने केसाकेसाने आणा. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि बोल्ट आवळा. आवळताना बॉडी किंचित सरकते, म्हणून पुन्हा एकदा फिरवून पाहा. मला या कामातला सर्वांत आवडणारा क्षण हा. काही रुपयांचा बल्ब सांगतो की त्या बंद इंजिनात पुढची ठिणगी नेमकी कुठे पडणार आहे. इग्निशन चालू ठेवून मात्र उगाच वेळ घालवू नका. पॉइंट मिटलेला असताना कॉइल तापत राहते.

कॅप, प्लग आणि नळी लावून गाडी चालू करा. स्ट्रोब लाइट मिळाली तर उत्तम. तिची क्लिप १ नंबरच्या वायरीला लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा आणि आयडलिंगला उजेड पुलीवर टाका. पांढरा ठिपका जागच्या जागी थबकल्यासारखा दिसतो. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की तो पुढे सरकला पाहिजे. ती वजने काम करत असल्याची साक्ष. न सरकला तर ती अडकली आहेत. ठिपका स्थिर न राहता दोन-चार अंशांत थरथरत असेल, तर शाफ्टमध्ये खेळ आहे. स्ट्रोबच्या उजेडात फिरता पंखाही कधी कधी थांबल्यासारखा भासतो, म्हणून बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आणि हात त्यापासून लांब ठेवा.

शेवटची खात्री रस्त्यावर. लांबसा चढ बघा, टॉप गिअरमध्ये सावकाश चढवा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनातून वाळूचे खडे डब्यात हलवल्यासारखी बारीक टिकटिक आली तर टायमिंग पुढे गेले आहे; थोडे मागे घ्या, नाही तर पिस्टनला इजा होते. टिकटिक अजिबात नाही पण गाडी सुस्त, सायलेन्सर तापतो आणि पेट्रोल जास्त खाते, तर टायमिंग मागे आहे. मॅन्युअल त्या काळच्या पेट्रोलसाठी लिहिलेले होते, आणि आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यामुळे छापील आकड्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे कानाने ठरवण्यात काही गैर नाही.

पॉइंटऐवजी कॅपखाली बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही मिळते. त्यात टाच घासत नाही, गॅप लावावा लागत नाही आणि रोज चालवायच्या गाडीला ते सोयीचे आहे. पण ते फक्त पॉइंटची जागा घेते. वजने, स्प्रिंग, बुश आणि व्हॅक्यूमचा पडदा तेच राहतात, तेव्हा डुलणाऱ्या शाफ्टवर मॉड्यूल बसवून फारसे हशील नाही. ते निकामी होते तेव्हा इशारा न देता होते, आणि सोलापूर रोडवर भर दुपारी त्याचा दुसरा तुकडा मिळायचा नाही. मॉड्यूल लावलेच तर गॅप लावून ठेवलेली जुनी बेसप्लेट, कंडेन्सर आणि स्क्रू ड्रायव्हर डिकीत ठेवा; अर्ध्या तासात गाडी परत पॉइंटवर येते.

पॉइंटवरच राहिलात तर ५०० किलोमीटरच्या आसपास एकदा कॅप उघडा. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला कॅमवर बसताना थोडी झिजते, गॅप लहान होतो आणि टायमिंग मागे सरकते. गॅप पुन्हा ०.३८ ला आणा, बल्ब लावून टायमिंग तपासा आणि तो दिवस व किलोमीटर गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढची झीज त्यानंतर फार सावकाश होते.